एक पडदा, चार दरवाजे

पावसाळ्यांतल्या एका दुपारीं आमच्या घरीं चोरी झाली. निदान आम्हांस तसें वाटलें. चोर म्हणून आम्हीं जिला धरलें ती आमची अकरा वर्षांची नात, आणि खरा चोर निघाला तो आमच्याच डाव्या हाताचा आंगठा. हा प्रकार चारचौघांत सांगण्यांत आमची शोभा नाहीं हें आम्ही जाणून आहों. परंतु संगणक एक आणि त्यावर बसणारे अनेक, अशीं घरें आमच्या वाचकवर्गांत आतां थोडींथोडकीं नाहींत. आणि जें आमच्याकडे घडलें तें उद्यां त्यांच्याकडेहि घडण्याजोगें आहे. म्हणून ह्या खेपेचें टिपण त्याच विषयास दिलें आहे.

आमचें बिऱ्हाड चंद्रपुरांत, परकोटाच्या आंतल्या जुन्या वस्तींत. घरांत आम्ही उभयतां, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडें. हातांतले फोन ज्याचे त्यास आहेत. पण मोठ्या पडद्याचा संगणक सगळ्यांत मिळून एक. पूर्वीं माजघराच्या ज्या कोपऱ्यांत धान्याची कणगी असे, तेथें तो मांडलेला आहे. सकाळीं थोरल्या सूनबाई त्यावर आपल्या शाळेचे तक्ते भरतात, संध्याकाळीं नात अभ्यास करिते, रात्रीं धाकटा मुलगा दुकानाचा हिशेब बसवितो. दुपार मात्र आमची. यंत्र दहा वर्षांचें जुनें. विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद होणार आणि पुढची आवृत्ति ह्या यंत्रास मानवणार नाहीं असें कळलें, तेव्हां आमच्या पुतण्यानें त्यांत ‘लिनक्स मिंट’ नांवाची फुकट मिळणारी प्रणाली घातली, आणि यंत्र मोडींत जावयाचें वांचलें. तींत नवें काय आहे तें त्यानें आम्हांस त्याच वेळीं समजावून सांगितलें होतें. आम्हींहि मान डोलाविली होती. पस्तीस वर्षें वर्गांत अशा डोलणाऱ्या माना आम्हीं पाहिल्या आहेत. त्यांचा अर्थ काय असतो हें आम्हांस ठाऊक असावयास हवें होतें.

दुपारचें आमचें काम म्हणजे वडिलांच्या वह्यांची नक्कल. वडील १९५० नंतरच्या काळांत ह्या मुलुखाच्या दक्षिणेकडील रानांत प्राथमिक शिक्षक होते. गडचिरोली हा निराळा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं झाला. त्यापूर्वीं सिरोंचापर्यंतचा सगळा प्रदेश एकाच जिल्ह्यांत मोडे. बदली होईल त्या गांवीं वडिलांनीं झाडांचीं नांवें टिपून ठेविलीं. मराठींत मोह, संस्कृतांत मधूक, सिरोंच्याकडच्या तेलुगूंत इप्प. आपण तेंदू म्हणतों तो संस्कृतांत तिंदुक आणि तेलुगूंत तुनिकि. धावड्यास धव, सालईस शल्लकी. प्रत्येक नांवाखालीं तें ज्याच्याकडून ऐकलें त्या माणसाचें नांव व गांव. शाई फिकी पडली आहे, दोन वह्या वाळवीनें खाल्ल्या आहेत. जें उरलें आहे तें आमच्या डोळ्यांस जोंवर वाचवतें तोंवर उतरून घ्यावयाचें. त्या दिवसापर्यंत त्रेचाळीस पानें झालीं होतीं.

दिवस रविवारचा. डोळे वहीवर होते आणि हात कळफलकावर. एक शब्द ओलांडून पुढें जावें म्हणून ‘कंट्रोल’ची कळ धरून उजवा बाण दाबला, आणि मान वर करून पाहतों तों पान नाहीं! पडद्यावर डोंगराचें एक चित्र, खालची पट्टी रिकामी, आणि त्रेचाळीस पानांचा मागमूस नाहीं. एका खिडकींतून दुसरींत जाण्याची ‘ऑल्ट’ व ‘टॅब’ ही जोडकळ तेवढी आम्हांस येत होती. ती दाबून पाहिली. कांहींच उमटलें नाहीं.

अर्ध्या तासापूर्वीं नात शाळेच्या कामासाठीं एक चित्र पाहण्यास यंत्रापाशीं येऊन गेली होती. आम्हीं तिला हांक मारली. वर्गांतला खडू हरवला म्हणजे जो स्वर आम्ही लावीत असूं, तोच त्या दिवशीं लागला.

‘आजोबा, मी काहीच नाही पुसलं,’ ती म्हणाली.

‘मग आपोआप गेलं काय?’

ह्या प्रश्नास लहान मुलीनें काय उत्तर द्यावें? तिनें दिलें नाहीं. यापुढें यंत्रास हात लावूं नकोस, असें बजावून आम्हीं तिला घालवून दिलें. रात्रीं ती जेवावयास आली नाहीं.

मुलगे दोघेहि परगांवीं गेलेले. सूनबाईंनीं संगणकाची कचरापेटी उघडून पाहिली, ती रिकामी. तेव्हां आम्हीं ठरविलें कीं, यंत्राची वीज तोडावी आणि पुन्हां जोडावी. अडल्या यंत्रावर हाच उपाय लोक करितात असें पाहिलें होतें. हात खटक्यापर्यंत गेला होता. आमच्या कुटुंबानें तो अडविला.

‘अहो, जी वस्तू कळत नाही तिला हात लावू नये, असं मुलांना तुम्हीच सांगता ना? आधी गडचिरोलीला फोन करा.’

पुतण्या गडचिरोलीस असतो. त्यानें सगळें ऐकून घेतलें आणि पहिलें वाक्य म्हटलें तें असें: ‘काका, बंद करू नका. शेवटचं सेव्ह केव्हा केलं होतं?’ आम्ही गप्प राहिलों. ‘बरं, असू द्या. कंट्रोल आणि ऑल्ट दोन्ही दाबून धरा, आणि वरचा बाण दाबा.’

दाबला. पडद्यावरचें चित्र आकसलें आणि त्याच्या जागीं चार लहान लहान पडदे दिसूं लागले. तिघांत नुसता डोंगर. पहिल्यांत आमचें पान. त्यावर माउसनें टिचकी मारतांच तें पूर्ववत् मोठें झालें. मोह, मधूक, इप्प. आणि ज्या शब्दापाशीं आम्ही थांबलों होतों त्याच शब्दापाशीं ती उभी रेघ लुकलुकत होती. दुपारीं तीनपासून ती तशीच लुकलुकत असली पाहिजे. ‘आता आधी सेव्ह करा,’ पुतण्या म्हणाला.

वीज तोडली असती तर त्या दिवशींचें न साठविलेलें काम बहुधा खरोखरच गेलें असतें, आणि त्याचा दोषहि आम्हीं नातीच्याच माथीं मारला असता. तिच्याकडे आम्ही शेवटीं येणार आहों. आधीं हें झालें कसें तें पाहूं.

वाड्यांत राहिलेल्या माणसास हा प्रकार समजण्यास जड जाऊं नये. एका खोलीच्या बिऱ्हाडांत देव, चूल, अंथरुणें आणि पाहुणा सगळे एकाच जागीं. जेवावयास बसावयाचें तर अंथरुणें गुंडाळा, पाहुणा आला तर पानें उचला. दिवसाचा निम्मा वेळ उचलण्यांत आणि मांडण्यांत जातो. संगणकाचा पडदा हें असेंच एका खोलीचें बिऱ्हाड आहे. हिशेबाची खिडकी उघडली कीं पत्र झांकलें जातें, पत्र वर आणलें कीं शब्दकोश खालीं जातो. त्याच पडद्यामागें आणखी तीन खोल्या बांधून दिल्या तर? पत्र व शब्दकोश एका खोलींत, हिशेब दुसरींत, अभ्यास तिसरींत. कांच एकच, म्हणून एका वेळीं दिसते ती एकच खोली. परंतु तींतून बाहेर पडलें म्हणून तेथील पसारा कोणी आवरीत नाहीं. परत येऊन पाहावें तों वही ज्या पानावर उघडी ठेविली त्याच पानावर उघडी. ह्या खोल्यांस ‘वर्कस्पेस’ म्हणतात. मराठींत ‘कार्यक्षेत्र’ म्हणावें.

खोल्यांची ही उपमा आमची एकट्याची नव्हे. अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड ह्या दोघांनीं १९८६ सालीं जी रचना प्रसिद्ध केली, तिचें नांवच ‘रूम्स’ होतें. त्यांचें म्हणणें असें कीं, माणूस एक काम करितो तेव्हां त्यास खिडक्यांचा एक लहानसा गट लागतो. काम बदललें कीं गट बदलतो. पडद्यावर सगळे गट मावत नाहींत, म्हणून माणसाची शक्ति खिडक्या उपसण्यांत खर्ची पडते. हा विचार त्यांना संगणकाच्या स्मृतीविषयींच्या एका जुन्या सिद्धांतावरून सुचला. पीटर डेनिंग यांनीं १९६८ सालीं असें दाखविलें होतें कीं, कोणत्याहि घटकेस चालू कामास स्मृतींतलीं थोडींच पानें लागतात. तेवढीं जवळ राहिलीं तर यंत्र सुरळीत चालतें, आणि तींहि मावलीं नाहींत तर सगळा वेळ पानांची नेआण करण्यांतच जातो. यंत्रास जें लागू तें यंत्रापुढें बसलेल्या माणसासहि लागू, हें ह्या दोघांनीं ओळखलें. त्यांच्या रचनेंत खोलींतून खोलींत जाण्यास दारें होतीं, सगळ्या खोल्या एकदम पाहण्याची सोय होती, आणि एखादी खिडकी बरोबर घेऊन दुसऱ्या खोलींत जातां येत असे. आमच्या पुढ्यांतल्या यंत्रांत आज ह्याच तीन गोष्टी आहेत.

युनिक्स प्रणालीच्या यंत्रांवर ही सोय १९९० च्या सुमारास आली. लिनक्सचा जन्म १९९१ चा. १९९३ मध्यें रॉबर्ट नेशन यांच्या ‘एफ-व्ही-डब्ल्यू-एम’ ह्या खिडक्या सांभाळणाऱ्या कार्यक्रमानें ती त्यावर रुळविली, आणि पुढें १९९६ त आरंभिलेल्या ‘केडीई’ व १९९७ त आरंभिलेल्या ‘ग्नोम’ ह्या दोन्ही प्रकल्पांनीं ती उचलली. ॲपलच्या यंत्रांत ती २००७ त ‘स्पेसेस’ ह्या नांवानें आली, विंडोजमध्यें प्रणालीच्या अंगची म्हणून २०१५ त. फुकटच्या पंगतींत जें पक्वान्न आधींपासून वाढलें जात होतें, तें विकतच्या पंगतींत मागाहून आलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां आमच्या चोरीचा उलगडा. ‘कंट्रोल’ धरतांना आंगठा शेजारच्या ‘ऑल्ट’वर पडला. कंट्रोल आणि उजवा बाण म्हणजे पुढला शब्द. कंट्रोल, ऑल्ट आणि उजवा बाण म्हणजे पुढली खोली. आम्ही शब्द ओलांडावयास गेलों आणि उंबरठा ओलांडून बसलों. मग खालची पट्टी रिकामी कां दिसली? कारण मिंटमध्यें ती पट्टी उभ्या असलेल्या खोलींतल्याच खिडक्या दाखविते. ऑल्ट-टॅबहि मूळच्या मांडणींत त्याच खोलीपुरतें चालतें. माजघरांतली वस्तु ओटीवर बसून आम्ही शोधीत होतों.

ज्यांच्या घरीं मिंट आहे त्यांनीं ही व्यवस्था लावावी ती अशी. चार खोल्या त्यांत मुळांतच बांधलेल्या येतात. त्या वापरण्यापूर्वीं कांहीं बसवावें लागत नाहीं. कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाबला कीं सर्व खोल्यांचा देखावा समोर येतो. त्याच्या उजव्या कडेस अधिक चिन्ह आहे. त्यावर टिचकी मारली कीं एक खोली वाढते. एखादी नको असेल तर तिच्या कोपऱ्यावर माउस नेतांच फुली दिसते. खोली मोडली तरी तींतल्या खिडक्या नाहींशा होत नाहींत, त्या शेजारच्या खोलींत जाऊन बसतात. प्रत्येक चित्राचें जें नांव दिसतें त्यावर टिचकी मारून तें बदलतां येतें, आणि देवनागरींत लिहिलें तरी चालतें. नांवें द्यावींतच, ‘वर्कस्पेस २’ हें कोणाच्याहि लक्षांत राहण्याजोगें नांव नव्हे. व्यवस्थेच्या पानावर ‘वर्कस्पेसेस’ नांवाचा भाग आहे. खोली बदलतांना तिचें नांव क्षणभर पडद्यावर झळकावें अशी सोय त्यांत आहे, ती चालू करून ठेवावी. ती चालू असती आणि आमचे डोळे वहीऐवजीं पडद्यावर असते, तर हें टिपण लिहावें लागलें नसतें.

खोलींतून खोलींत जाण्यास कंट्रोल, ऑल्ट आणि डावा-उजवा बाण. त्यांत ‘शिफ्ट’ची कळ मिळविली कीं चालू खिडकीहि आपल्याबरोबर येते. पाठीस काखोटीस मारून ओटीवर नेऊन बसावें तसें हें आहे. कळा आठवत नसतील तर खिडकीच्या माथ्यावरच्या पट्टीवर माउसची उजवी कळ दाबावी. दुसऱ्या खोलींत पाठविण्याची आज्ञा त्या यादींत सांपडते. त्याच यादींत खिडकी सगळ्या खोल्यांत दिसावी अशीहि आज्ञा आहे. शब्दकोशास ती द्यावी. देवघरांतली समई जशी माजघरासहि थोडा उजेड देते, तसा तो सर्वत्र उपयोगी पडतो.

ज्यांच्याकडे उबुंटू आहे त्यांच्या घराची बांधणी किंचित् निराळी. त्यांतील ग्नोमची रीत अशी कीं, शेवटीं एक खोली नेहमीं रिकामी असावयाची. तींत खिडकी उघडली कीं तिच्यापुढें आणखी एक आपोआप निघते, आणि ओसाड पडलेली नाहींशी होते. ‘सुपर’ म्हणजे विंडोजचें चिन्ह असलेली कळ. ती एकदां दाबली कीं देखावा दिसतो, आणि ती धरून ‘पेज अप’ किंवा ‘पेज डाउन’ दाबलें कीं खोली बदलते. ठराविक संख्येच्याच खोल्या हव्या असतील तर ‘सेटिंग्ज’मधील ‘मल्टिटास्किंग’ ह्या भागांत तसें ठरवितां येतें. म्हाताऱ्या माणसानें संख्या ठराविकच ठेवावी. खोल्या आपोआप उगवूं मावळूं लागल्या तर त्यास स्वतःचेंच घर परकें होतें. केडीईमध्यें ह्यांस ‘व्हर्च्युअल डेस्कटॉप’ म्हणतात. एक्सएफसीई ह्या हलक्या मांडणींत, पडद्याच्या मोकळ्या भागावर माउसचें चाक फिरविलें तरी खोली बदलते. नातवंडें लहान असतील तर हें लक्षांत ठेवावें. ज्यांस डोळ्यांनीं पाहून आणि कानांनीं मराठी ऐकून लिनक्स शिकावयाचें आहे, त्यांच्यासाठीं मुंबईच्या आय.आय.टी.नें चालविलेले ‘स्पोकन ट्युटोरियल’चे पाठ आहेत. ते फुकट आहेत, आणि पुन्हां विचारलें म्हणून कंटाळत नाहींत.

ह्या सोयीचें खरें मोल आम्हांस पुढें पुतण्याच्या घरीं कळलें. तो ग्रामसभांस त्यांच्या सामूहिक वनहक्काचीं कागदपत्रें लावण्यास मदत करितो. वनहक्काचा कायदा २००६ चा. धानोरा तालुक्यांतील मेंढा ह्या गांवास त्या कायद्याखालीं २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि तेव्हांपासून आमच्या शेजारच्या जिल्ह्याचें नांव देशभर घेतलें जातें. एका गांवच्या दाव्यास नकाशा लागतो, जुनें निस्तारपत्रक लागतें, ग्रामसभेचा ठराव लागतो, वडीलधाऱ्यांचे जबाब लागतात. शेजारच्या गांवाचेहि हेच चार कागद, आणि सीमा दोघांची एक. सगळ्या खिडक्या एकाच पडद्यावर पसरल्या तर ह्या गांवचा नाला त्या गांवच्या नकाशांत जाण्यास एक डुलकी पुरे. म्हणून तो प्रत्येक गांवास एक खोली देतो आणि तिला गांवाचेंच नांव देतो. खोली सोडतांना नांव मोठ्यानें उच्चारतो. ‘काका, चूक झाली तर ती माझ्या कागदावर राहत नाही, कोणाच्या तरी मोहाच्या झाडावर जाऊन बसते,’ तो म्हणाला. मोहाच्या झाडाचा हा अर्थ वडिलांच्या वह्या उतरतांना आम्हांस तोंवर सुचला नव्हता.

आतां तीन इशारे. त्यांतला एकहि आम्हीं पुस्तकांतून घेतलेला नाहीं.

पहिला: खोली बदलली म्हणजे काम साठविलें गेलें असें नव्हे, आणि खिडकी दिसेनाशी झाली म्हणजे ती झोंपली असेंहि नव्हे. आमच्याकडे झाडीपट्टींत दिवाळी झाली कीं नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या मंडळ्या गांवोगांव रात्र जागवितात. त्याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. पडद्याआड बसलेला नट प्रेक्षकांस दिसत नाहीं, पण त्यालाहि चहा लागतोच. तशीच न दिसणारी खिडकीहि यंत्राची स्मृति खात असते. खोल्या जवळजवळ फुकट आहेत, खिडक्या नाहींत. जुन्या यंत्रावर खोल्या चार असाव्या आणि प्रत्येकींत मोजक्या खिडक्या. आणि वीज गेली कीं चारहि खोल्या एकदम अंधारांत जातात, म्हणून कंट्रोल आणि एस ही साठविण्याची जोडकळ दर परिच्छेदास दाबावी.

दुसरा: ह्या खोल्यांस कुलूप नाहीं. सूनबाईंनीं आपलें खासगी पत्र तिसऱ्या खोलींत लिहिलें तरी एका बाणासरशीं तें कोणासहि दिसतें. शिवाय कपाट सगळ्या खोल्यांस मिळून एकच, फाइली त्याच. एकत्र कुटुंबांत ज्यास आपला कागद आपल्यापुरता ठेवावयाचा आहे त्यानें प्रणालींत आपलें निराळें खातें उघडावें आणि त्यास आपला परवलीचा शब्द द्यावा. खोली कामासाठीं, खातें माणसासाठीं. हा भेद आमच्या घरींहि त्या प्रसंगानंतरच केला गेला. आतां सुनांची खातीं निराळीं आहेत, आणि त्यांचे परवलीचे शब्द आम्हीं विचारलेले नाहींत.

तिसरा इशारा मनाविषयीं. आमच्या न्यायशास्त्रानें मन हें अणुएवढें मानलें आहे. एकाच क्षणीं दोन ज्ञानें उत्पन्न होत नाहींत, हीच त्यांच्या मतें मनाची ओळख. यंत्रानें चार खोल्या दिल्या म्हणून मन चार होत नाहीं. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलें तर पहिल्याचा कांहीं अंश मनांत रेंगाळतो आणि दुसरें काम बिघडवितो, असें सोफी लेरॉय ह्या विदुषीनें २००९ सालीं प्रयोगांनीं दाखविलें आहे. सिरोंच्याच्या पलीकडे तेलुगू मुलुखांत अष्टावधानी असतात. आठ पृच्छक आळीपाळीनें प्रश्न विचारतात आणि तो प्रत्येकाचें पद्य थोडें थोडें पुढें नेत शेवटीं सगळीं तोंडपाठ म्हणून दाखवितो. परंतु तोहि एका वेळीं एकासच उत्तर देतो. त्याची करामत आहे ती सोडलेला धागा न विसरण्याची. आपणां सामान्यांची ती धारणा नसते. ती उणीव ह्या खोल्या भरून काढतात, पण तेवढीच. त्यांचा उपयोग धांवाधांवीसाठीं करूं नये. तास बदलेपर्यंत वर्ग बदलूं नये, हा शाळेचा नियम येथेंहि बरा.

आतां नातीविषयीं. बऱ्याच वर्षांपूर्वीं एका शाळेंत आमच्या वर्गांतला भिंतीवरचा नकाशा नाहींसा झाला होता. शेवटीं वर्गांत कोण होता एवढें विचारून आम्हीं एका मुलास दोन छड्या मारल्या. तो ‘मी नाही नेला’ एवढेंच म्हणत राहिला. उन्हाळ्याच्या सुटींत कपाट हलविलें तेव्हां नकाशा त्याच्या मागें पडलेला सांपडला. तोंवर त्या मुलाच्या वडिलांची बदली झाली होती आणि तो शाळा सोडून गेला होता. त्यास सांगावयाचें राहिलें तें राहिलेंच. त्या रात्रीं पडद्यावर आमचें पान पुन्हां दिसलें तेव्हां आनंदाआधीं आम्हांस तो मुलगा आठवला.

नात झोंपली होती, म्हणून उठवलें नाहीं. सकाळीं चहाच्या वेळीं सगळ्यांदेखत, कारण रागावलों होतों तेंहि सगळ्यांच्या कानांवर गेलें होतें, आम्हीं तिला म्हटलें, ‘चूक माझी होती. पान हरवलंच नव्हतं, आणि तू खरं बोलत होतीस.’ तिनें कांहीं वेळ दुधाच्या पेल्यांत पाहिलें. मग विचारलें, ‘आता मला परत बसू द्याल?’

तिला सगळा देखावा दाखविला. चार खोल्यांस नांवें काय द्यावीं असें विचारतांच ती म्हणाली, ‘आपल्या गावाचे दरवाजे.’ गोंड राजांच्या आमच्या ह्या परकोटास चार दरवाजे आहेत. उत्तरेचा जटपुरा, तेथें दिवसभर दाटी. तो सूनबाईंच्या तक्त्यांस दिला. पठाणपुरा धाकट्याच्या हिशेबास, बिनबा तिच्या अभ्यासास, आणि महाकालीच्या बाजूचा अंचलेश्वर वडिलांच्या वह्यांस. सूनबाई आपलें खासगी काम आतां आपल्या खात्यांत करितात. शाळेचें मात्र जटपुऱ्यांतच चालतें. परकोटास दरवाज्यांखेरीज खिडक्याहि आहेत, आणि त्यांतल्या एकीस ‘चोर खिडकी’ म्हणतात. ‘आजोबा, तुमचं पान चोर खिडकीतून गेलं होतं,’ असें ती आल्यागेल्यास सांगत असते. आम्ही तें ऐकून घेतों.

रविवारीं दुपारीं ती आमच्याजवळ बसते. आमच्या डोळ्यांस न लागणारीं फिकट अक्षरें ती वाचून दाखविते आणि आम्ही टंकितों. एखादें नांव तिलाहि लागलें नाहीं तर तेथें प्रश्नचिन्ह करून पुढें जातों. काल एक्कावन्नावें पान झालें. उठण्यापूर्वीं ती आम्हांस रोज विचारते, ‘सेव्ह केलंत?’